उघडीप

जपानी शिकणाऱ्याकडून पहिल्याच महिन्यात जी वाक्यं घोटवून घेतात, त्यांत एक हवेबद्दलचं असतं. ‘ईई तेन्की देसु ने.’ छान हवा पडलीय नाही आज! त्यावर समोरच्याने ‘सोऽ देसु ने’, म्हणजे ‘हो ना’, असं म्हणायचं, दोघांनी थोडं वाकायचं आणि आपापल्या वाटेने चालू पडायचं. काही वर्षांपूर्वी कंपनीने मला चार महिन्यांसाठी जपानातल्या कोकुराला पाठवलं होतं, तेव्हा माझे शेजारसंबंध या एका वाक्यावर चालले होते. जुन्या दुमजली इमारतीत वरची खोली मला होती आणि खाली एक आजी एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या बरंच पुढे, पाठ वाकलेली, पण रोज सकाळी साडेसातला प्लॅस्टिकची हिरवी झारी घेऊन कुंड्यांपाशी हजर. मी सायकल काढायची, हवेचं वाक्य टाकायचं, त्या ‘सोऽ देसु ने’ म्हणायच्या. पाऊस असला तर वाक्यातला एक शब्द बदलायचा, उत्तर तेच. जुलैच्या अखेरीला तिकडचा पावसाळा संपला आणि एका सकाळी आभाळ असं निघालं की घासून पुसून पालथं घातलेलं पातेलंच. निळंशार. दीड महिना कुबट कपडे घालून मी कंटाळले होते. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, “ईई तेन्की देसु ने!” आजींनी झारी खाली ठेवली. कंबरेवर हात टेकून मान वर केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ बघितलं, वेळ लावून बघितलं. मग म्हणाल्या, “ढग नाहीत. एकही नाही.” आणि झारी उचलून आत निघून गेल्या.

‘सोऽ देसु ने’ काही म्हणाल्या नाहीत.

दिवसभर ते टोचत राहिलं. परक्या भाषेत बोलणाऱ्याला कायम वाटत असतं की चूक आपलीच. स्वर चुकला असेल, फार सलगी झाली असेल, बाईंचं काही दुखत असेल. पण त्या वर बघत होत्या तेव्हाचा चेहरा आजारी माणसाचा नव्हता. तो चेहरा मला ओळखीचा होता आणि नक्की कुठला ते आठवत नव्हतं. आमचं गाव पाटणकडे, कोयनेच्या खोऱ्याच्या तोंडाशी. तिथे पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही. पोरांचे गणवेश चुलीवरच्या दांडीवर वाळतात आणि शाळेत सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येतो. अशा वेळी आजोबा ओसरीच्या कडेला उभे राहून असंच आभाळ बघायचे. फरक एवढाच, की ते ढगांत फट शोधायचे. उघडीप द्यायला हवी, दोन दिवस तरी द्यायला हवी, म्हणजे वाफसा येईल, भांगलण उरकेल, भुईमूग पिवळा पडतोय तो सावरेल. उघडीप हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा उच्चारला जायचा. पाऊस नको असं कुणी म्हणत नसे, तसं म्हणणं पाप. पण ‘पावसाने उघडीप दिली’ असं म्हणताना आजीचा आवाज सैल व्हायचा आणि पाच मिनिटांत अंगणातली काठी-दोरी गोधड्यांनी भरून जायची. मोकळ्या आभाळाकडे बघून ज्याचा चेहरा आवळतो असं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या ट्रेनरला हे सांगितलं. आम्ही कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो होतो. माझ्या ताटलीत कोन्याकूचे तुकडे होते, सुरणाच्या जातीच्या कंदापासून करतात तो करडा, रबरासारखा पदार्थ. चव अशी काही नाही, दाताखाली नुसता चिवट लगदा. ट्रेनर माणूस मितभाषी. त्याने चॉपस्टिक खाली ठेवून विचारलं, “त्या मूळच्या कोकुराच्याच का?” मी म्हटलं, असाव्यात. “मग बरोबर,” म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र त्याने मला मुरासाकी नदीकाठच्या कात्सुयामा पार्कात नेलं. एका बाजूला किल्ला, समोर महापालिका, मध्ये हिरवळ, आइस्क्रीम खाणारी पोरं. “आपण उभे आहोत तिथे युद्धात सैन्याचा शस्त्रकारखाना होता,” तो म्हणाला. “९ ऑगस्टला बॉम्ब इथे पडायचा होता. ढग होते.” जपानी माणसाचं हे एक आहे, तीन वाक्यांत विषय संपवतो आणि मग तुम्ही रात्रभर जागे.

हिरोशिमा-नागासाकी ही जोडी आपल्या तोंडात ‘गंगा-यमुना’सारखी बसलेली. शाळेत निबंधाला, वक्तृत्वाला, ६ ऑगस्टच्या फळ्यावरच्या सुविचाराला. त्या दोघांच्या मध्ये एक तिसरं गाव आहे हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं, तेही त्याच गावात दोन महिने राहून झाल्यावर. मे १९४५ मध्ये अमेरिकेत, अणुबॉम्ब घडत होता त्या लॉस अलामोसला, लक्ष्य ठरवणारी समिती बसली, तेव्हा यादीत क्योतो, हिरोशिमा, योकोहामा आणि कोकुराचा कारखाना होता. पुढे क्योतो गळलं, कारण अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी ते शहर पाहिलेलं होतं आणि ते उद्ध्वस्त करायला त्यांनी ठाम नकार दिला. ते मधुचंद्राला तिथे गेले होते ही गोष्ट लोक चवीने सांगतात. मला ती जरा जास्तच गोड वाटते. नागासाकी तर अगदी शेवटी आलं, मसुद्यात हाताने लिहून. २५ जुलैचा जो लेखी आदेश निघाला त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ३ ऑगस्टनंतर, डोळ्यांनी बघून नेम धरता येईल अशी हवा मिळेल तेव्हा, या चारपैकी एका शहरावर बॉम्ब टाकावा : हिरोशिमा, कोकुरा, निइगाता, नागासाकी. रडारवर भरवसा नको होता, खालचं शहर डोळ्यांना दिसायला हवं होतं. म्हणजे चार शहरांची नावं माणसांनी लिहिली आणि त्यातलं एक निवडायचं काम हवेवर सोपवलं. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाचं ठरवताना म्हणतात तसं, हवा बघून ठरवू.

६ ऑगस्टला पुढे तीन विमानं गेली होती, फक्त हवा बघायला. एक हिरोशिमावर, एक कोकुरावर, एक नागासाकीवर. हिरोशिमावरच्या विमानाने कळवलं की आकाशाचा दहातला तीन भागही ढगांनी झाकलेला नाही. कोकुरा त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं आणि त्याला पत्ताही नव्हता. दुसरा बॉम्ब खरं तर ११ तारखेला टाकायचा होता, पण दहापासून हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून तो दोन दिवस अलीकडे ओढला. तीन दिवसांपूर्वी हिरोशिमावर बॉम्ब टाकून आलेलं एनोला गे हेच विमान ९ तारखेला सकाळी कोकुराची हवा बघायला आलं आणि स्वच्छ आहे असं सांगून गेलं. स्वच्छ होतीही. पण बॉम्ब घेतलेलं बॉक्सकार हे विमान याकुशिमा बेटावर एका जोडीदार विमानाची वाट बघत घिरट्या घालत राहिलं. पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं, थांबले चाळीस. आपण एसटी स्टँडवर मागे राहिलेल्या मामाची वाट बघतो तसे. तेवढ्यात कोकुरावर ढग आणि धूर चढला. आदल्याच दिवशी शेजारच्या याहातावर आगलावे बॉम्ब पडले होते आणि ते गाव अजून जळत होतं. २०१४ मध्ये याहाताच्या पोलाद कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराने वर्तमानपत्राला सांगितलं की त्या सकाळी आम्ही मुद्दाम डांबर जाळून धूर केला होता. ढगाने किती झाकलं, आगीने किती आणि डांबराने किती, याची वाटणी आता कोण करणार? विमानाने तीनदा फेरी मारली, तिन्ही वेळा कारखाना दिसला नाही. खालून तोफा सुरू झाल्या, वर ६०० गॅलन इंधन बिघडलेल्या पंपामुळे टाकीत अडकून पडलेलं. पायलट स्वीनीने नाक नागासाकीकडे वळवलं. तिथेही ढग होते. नेम धरणारा बीहान, त्या दिवशी त्याचा २७ वा वाढदिवस. शेवटच्या क्षणी त्याला ढगांत एक फट दिसली.

उघडीप.

दुसरा शब्द मला सुचत नाही. इंग्रजी पुस्तकांत तिथे ‘भोक’ असा शब्द येतो, तो मला चालतो, कारण त्या शब्दाशी माझं काही नातं नाही. पण हे सगळं मी मनात मराठीत आणलं की त्या जागी आजोबांचा शब्द येऊन बसतो आणि काही केल्या हलत नाही.

एका रविवारी हिरोशिमाला जाऊन आले. कोकुराहून शिंकानसेनने तासाभराचं अंतरसुद्धा नाही. संग्रहालयात काय काय आहे ते मी लिहीत नाही, बहुतेकांनी फोटोत पाहिलेलंच आहे, आणि जे फोटोत येत नाही ते मला लिहिता येणार नाही. एक सांगते. तिथे एका शाळकरी मुलाचा डबा आहे. डबा म्हणजे आपल्यासारखाच, चपटा, झाकणाचा, आत भाताचा कोळसा. आईला मुलगा ओळखू आला तो या डब्यावरून. त्या दिवशी हिरोशिमात आठेक हजार शाळकरी मुलं रस्त्यावर होती. हवाई हल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करत होते, त्या कामावर लावलेली. सातच्या सुमारास भोंगा वाजला, कारण ते हवा बघणारं विमान वर आलं होतं. विमान एकटंच होतं, निघून गेलं, साडेसातला धोका टळल्याचा भोंगा झाला. लोक खंदकातून बाहेर आले, कुणी शर्ट काढून कामाला लागले, उकडत होतं. मुलांनी डबे सावलीत ओळीने ठेवले असतील, शाळेच्या सहलीत ठेवतात तसे. सव्वाआठ. त्यातली सहाएक हजार मुलं गेली. वर्ष संपेपर्यंत त्या शहरातले १ लाख ४० हजार. मला त्या आकड्याच्या पुढे उभं राहता येत नाही, मी डब्यापाशीच उभी राहिले. शेजारी एक जपानी बाई आपल्या मुलीला हळू आवाजात काहीतरी समजावत होती, आणि त्यातला एकच शब्द मला कळला, ‘तेन्की’. हवा.

बॉम्ब टाकला नसता तर युद्ध आणखी किती लांबलं असतं, जपान शरण आलंच असतं का, रशिया उतरला म्हणून शरण आला का, हा वाद मला थोडाफार माहीत आहे. दोन्ही बाजूंची पुस्तकं उशीएवढी जाड आहेत. आमच्या ऑफिसात एक जण तो वाद दुपारच्या चहाबरोबर रोज घालू शकतो. मला त्यात पडायचं नाही.

नागासाकीला गेले ती एका मैत्रिणीमुळे. ती वसईची. कोकुराहून नागासाकी फार लांब नाही हे कळल्यावर तिचा मेसेज आला, “आमच्या गोन्सालोला भेटून ये.” मला वाटलं तिचा कुणी नातेवाईक. मग कळलं की गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले संत, १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीत निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं त्यांतले एक. वसईत त्यांचा सण होतो, मैत्रिणीच्या लहानपणी आई तिला नवे कपडे घालून न्यायची. निशिझाकाला सव्वीस जणांच्या मूर्तींची भिंत आहे. मी फोटो काढून पाठवला, तिने हात जोडल्याची खूण पाठवली. तिथून ट्रॅमने उराकामीला गेले. उराकामी म्हणजे ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना अडीचशे वर्षं तो लपूनछपून पाळलेल्या लोकांची वस्ती. बंदी उठल्यावर त्यांनी पैपै जमवून मोठं लाल विटांचं चर्च बांधलं. ढगांतली ती फट ठरवलेल्या जागेच्या वर नव्हती, तीनेक किलोमीटर वायव्येला होती, आणि तिच्याखाली उराकामीची दरी होती. अकरा वाजून दोन मिनिटांनी बॉम्ब चर्चपासून पाचशे मीटरवर फुटला. १५ ऑगस्टच्या, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी पापांची कबुली द्यायला लोक आत जमले होते, त्यातलं कुणी वाचलं नाही. वस्तीतल्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. वसईच्या मैत्रिणीला हे कळवायचं की नाही, यावर मी ट्रॅमच्या थांब्यावर बराच वेळ बसून होते. शेवटी नाही कळवलं. मी परत आल्यावर तिने विचारलं, “चर्च बघितलंस का गं तिथलं?” मी म्हटलं, हो, नवीन बांधलंय.

कोकुरात शांतता संग्रहालय आता २०२२ पासून आहे, कात्सुयामा पार्कातच. छोटंसं, नेटकं. मी तिथे दोनदा गेले, कारण पहिल्या वेळेला अर्ध्या वाटेत बसून राहिले. दोन गोष्टींनी बसवलं. पहिली, याहातावर पहिला मोठा हल्ला झाला तो जून १९४४ मध्ये, आणि ती अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं कुठून आली, तर आपल्या खरगपूरच्या परिसरातून. बंगालातल्या तळांवरून उडून, हिमालय ओलांडून, चीनमध्ये चेंगदूला टेकून, तिथून जपान. बंगालात तेव्हा दुष्काळाची राख अजून गरम होती. मनात कुठेतरी मी स्वतःला या गोष्टीतली पाहुणी समजत होते, तिकीट काढून आलेली, ते तिथे संपलं. दुसरी गोष्ट कोन्याकूची. कोकुराच्या कारखान्यात शाळेतल्या मुली फुगे करायच्या. हातकागदाचे थर कोन्याकूच्या खळीने एकमेकांवर चिकटवून दहा मीटर व्यासाचे फुगे, खाली बॉम्ब बांधून वरच्या वाऱ्यात सोडायचे, ते पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत जायचे. आपण ‘वाऱ्यावर सोडणं’ म्हणतो ते अक्षरशः. बहुतेक कुठेतरी रानावनात पडले. एक ५ मे १९४५ ला ओरेगॉनच्या जंगलात सापडला तो सहलीला आलेल्या मुलांना. पाच मुलं आणि बरोबरची एक गरोदर बाई, सहा जण गेले. खळ करणाऱ्या मुली इतक्या उपाशी असायच्या की तीच चोरून खायच्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोन्याकू होतं. मी घेतलं आणि खाल्लं, टाकून देणं बरोबर दिसलं नाही.

इथे एक कबुली देऊन टाकते. मे १९९८ मध्ये, बुद्धपौर्णिमेला, पोखरणला चाचण्या झाल्या तेव्हा मी आठवी संपवून सुट्टीत होते. दुसऱ्या दिवशी बाबा साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. गल्लीत वाटायला मला पाठवलं. मी घरोघरी गेले, दोन पेढे वाटेत खाल्ले, आणि त्या दिवशी छाती किती फुगली होती ते मला आजही नीट आठवतं. त्यात खोटं काही नव्हतं. खूप नंतर वाचलं की त्या दिवशी वाऱ्याचा रोख बरोबर नव्हता म्हणून शास्त्रज्ञ सकाळपासून थांबले होते आणि वारा पडल्यावर दुपारी पावणेचारला बटण दाबलं. तेव्हा ते वाचून बरं वाटलं होतं, आपली माणसं आसपासच्या गावांचा विचार करून थांबली. आताही बरंच वाटतं. पण हवा बघून ठरवणं म्हटलं की आता दोन्ही गोष्टी एकदम येतात, आणि पेढ्याची चव अजून तितकीच छान लागते, त्याचं काय करायचं ते मला समजलेलं नाही.

९ ऑगस्टला मी रजा टाकली. कात्सुयामा पार्कात नागासाकीने दिलेली घंटा आहे, दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. मी पोचले तर झाडाखालच्या बाकावर आमच्या खालच्या आजी, काळी छत्री उघडून बसलेल्या. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली, जशी काही माझी वाटच बघत होत्या. झाडांवर किडे असे करवादत होते की भाषणातलं अर्धं कळेना. अकरा वाजून दोन मिनिटांनी सगळे उभे राहिले, घंटा झाली. मोठा, जाड आवाज, थांबल्यावरही पोटात घुमत राहणारा. नंतर आजींनी थर्मासमधला सातूचा गार चहा झाकणात ओतून मला दिला आणि बोलायला लागल्या, हळूहळू, मला कळेल अशा बालवाडीच्या जपानीत. त्या वेळी त्या दुसरीत होत्या. भोंगा झाला, खंदकात शिरले, विमानाचा आवाज आला, गेला, परत आला, गेला, परत आला. संपल्यावर बाहेर आले तर आई चिडलेली. सकाळी ऊन बघून तिने धुणं वाळत घातलं होतं आणि याहाताच्या धुराने चादरींवर काजळी बसली होती. साबण मिळत नव्हता. आई पुटपुटत परत धुवायला बसली. “त्या दिवसाचं मला हेच आठवतं,” आजी म्हणाल्या, “आईची चिडचिड.” बॉम्ब आपल्यावर येणार होता हे युद्धानंतर कळलं. कळल्यावर आई काय म्हणाली, असं मी विचारलं. त्यांनी आठवून बघितलं. “काही नाही. चादरी जपून ठेवल्या. वापरल्या नाहीत.”

मग त्यांनी एक सांगितलं ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. लग्न होऊन त्या तोबाताला गेल्या, कारखान्यांच्या भरवस्तीत. साठच्या दशकात तिथे धूर इतका की पोरं खोकून बेजार, दोरीवरचे कपडे संध्याकाळी करडे. तेव्हा तिथल्या बायका उठल्या, घराघरात फडकी टांगून काजळी मोजली, कारखान्यांकडे, नगरपालिकेकडे हेलपाटे घातले, ‘निळं आकाश हवं’ म्हणत स्वतः एक फिल्मसुद्धा काढली. हे सगळं नोंदलेलं आहे, तो लढा जपानात नावाजला गेला. आजी त्या बायकांमध्ये होत्या. फडकी टांगायला, उतरवायला. “धुराने मला वाचवलं आणि धुराविरुद्ध मी भांडले,” असं काही त्या म्हणाल्या नाहीत, हे मी आत्ता लिहिताना जुळवतेय, आणि जुळवू नये असं वाटतंय. त्या एवढंच म्हणाल्या की आकाश निळं झालं तेव्हा सगळ्या बायका गच्चीवर चढून बघत होत्या, मीही चढले, आणि मला घाबरायला झालं. नवऱ्याला सांगितलं नाही. कुणालाच नाही. धूर सोडणारं याहाता, त्या धुराने झाकलेलं कोकुरा आणि निळ्या आकाशासाठी भांडलेलं तोबाता, १९६३ पासून ही सगळी गावं एकाच किताक्यूशू शहराचे भाग आहेत. एकाच बसच्या पासवर तिन्हीकडे जाता येतं. आजींनी छत्री मिटली, झाकण रुमालाने पुसून थर्मासला लावलं आणि घंटेकडे बघून एकदा वाकल्या. “दरवर्षी येते,” म्हणाल्या. “माफी मागायला की आभार मानायला, ते यायच्या आधी ठरवते आणि इथे आल्यावर विसरते.”

मी सप्टेंबरात परत आले. निघताना त्यांनी हातरुमाल दिला, मी त्यांना आईने पाठवलेली गोधडी दिली, लहान, पाळण्यात घालतात तेवढी. त्यांनी ती उलटसुलट करून टाके बघितले, नाकाशी नेऊन वास घेतला. उन्हाचा वास येतो, असं म्हणाल्या असाव्यात. मला तो शब्द नीट लागला नाही.

परवा ९ तारखेला सकाळी चिंचवडला डबे भरत असताना गावाहून आईचा फोन आला. आठ दिवस तिकडे नुसती धार लागली होती, ओढ्याला पाणी, लाईट नाही, कोयनेचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या. आईचा आवाज मात्र त्या दिवशी अगदी सैल, आजीसारखा. “आज उघडीप दिलीया बघ,” ती म्हणाली. “ढग म्हणशील तर नावाला नाही. नुसतं निळंभोर.”

मी पोळी हातात धरून उभी.

“काय गं? ऐकू येतंय नव्हं?”

“येतंय,” मी म्हटलं. “गोधड्या टाक उन्हात.”